हॉलातली पांदण

बुलडाणा शहर पसरत पसरत पुंजाजीच्या वावरापाशी आलं. ज्वारीच्या जागी प्लॉट पडले आणि वस्तीला नाव मिळालं राजधानी नगर. नाली नव्हती, रस्ता नव्हता, कमान मात्र होती. पुंजाजीनं आपली जमीन विकली नाही. पण तो उन्हाळाभर लेकीकडे संग्रामपूरला राहिला, तेवढ्यात राजकुमार नावाच्या माणसानं वावरात जायच्या पांदणीवर, म्हणजे बैलांच्या वाटेवरच घर बांधलं.

परत आल्यावर पुंजाजी भांडला नाही. बैलजोडी घेऊन सरळ दारात शिरला.

"ओ मामा, कुठी चालले?"

"वावरात."

"हे घर हाय माहं!"

"असू दे ना. म्या कुठी नाही म्हनतो?"

वहिवाट मोडली की वाट गेली, आणि वाट गेली की वावर नुसतं लांबून बघायचं. म्हणून पुंजाजी रोज पुढच्या दारानं शिरे नि मागच्या दारानं निघे. राजकुमारची बायको रुख्मिणी फरशी पुसता पुसता त्याच्या सात पिढ्या उद्धरी. जोडीतला तांबडा बैल तर बातम्या संपल्याशिवाय टीव्हीपुढून हलत नसे.

पावसाळा लागला. चिखल चुकवायला नगरातले लोकही हॉलातून जाऊ लागले. आधी दूधवाला, मग शाळेच्या पोरी, मग एक अख्खी वरात. नवरदेव घोड्यावरून वाकून पंख्याखालून गेला. शेवटी नगराची बैठक बसली. ठरलं ते सांगायला अध्यक्ष शालिग्रामभाऊ चार माणसं घेऊन हॉलात उभे राहिले.

"हा आता सार्वजनिक रस्ता हाय. घर पाडा. अन् पुंजाजी, रस्त्यावर जनावरं बंद."

पुंजाजीनं बैलजोडी हॉलाच्या मधोमध उभी केली.

रुख्मिणी लाटणं घेऊन बाहेर आली. "कोनाचा रस्ता बे? मामाची पांदण हाय हे! त्याइच्या आज्यापासून. त्याइच्या बैलाशिवाय इथून जायचा कोनालेच हक नाही!"

"हाव," राजकुमार म्हणाला. "मी साक्षीदार हावो. रोज पाह्यतो."

"म्हंजे पांदणीवर घर बांधलं, हे कबूल?" शालिग्रामभाऊंनी विचारलं.

"कबूल. मामाले चालते. काहो मामा?"

सगळे पुंजाजीकडे बघू लागले. तांबडा बैलही.

"चालते," पुंजाजी म्हणाला. "पन उद्या बैलगाडी आनतो."

राजकुमारनं त्याच दुपारी गवंडी बोलावून दार रुंद करायला घेतलं.