कच्चं पाणी

१९५३ सालच्या जूनमध्ये अंबरनाथ पश्चिमेला दोन सरी पडून गेल्या आणि कुमुदिनीचं सरपण भिजलं. एरवी पाणी उकळून, फडक्यानं गाळल्याशिवाय ती घरात कुणाला घोटभर देत नसे. पण त्या सकाळी चूल काही केल्या पेटेना. सहा वर्षांची वृंदा तहानेनं रडू लागली. कुमुदिनीनं वैतागून सामाईक विहिरीचं पाणी तसंच पेल्यात ओतून दिलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बनूबाईंना जुलाब-उलट्या लागल्या. दुपारी त्यांना कल्याणच्या इस्पितळात न्यायला टांगा आला, तेव्हा त्यांचे डोळे खोल गेले होते. पटकी! तो शब्द कुमुदिनीनं ओठांवर येऊ दिला नाही. दर घटकेला वृंदाला जवळ ओढून ती विचारी, "पोट दुखतंय का गं?"

"नाही गं आई. सोड ना!"

तिसऱ्या दिवशी सकाळी वृंदा ओकली. मग तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले. चामटोली गावाहून सरपणाची मोळी विकायला आलेल्या पुतळीनं पोरीकडे एकदा पाहिलं.

"बाय, पेजेचा पानी द्या मीठ टाकून. थोरा थोरा. ओकली तरी थांबू नका."

कुमुदिनी चमच्याचमच्यानं पेज पाजत राहिली. तिचा नवरा श्रीपाद कारखान्यातून रजा टाकून आला तो डॉक्टर विष्णुपंतांना घेऊनच.

"पाणी कुठलं प्यायली?" डॉक्टरांनी विचारलं.

"उकळलेलंच. ही त्या बाबतीत फार काटेकोर आहे," श्रीपाद म्हणाला.

"मग बाहेर काहीतरी खाल्लं असणार."

बाहेर रहाट कुरकुरला. कोणीतरी कळशी भरत होतं.

"मी दिलं," कुमुदिनी एकदम म्हणाली. "परवा. विहिरीचं, कच्चं. आधी ते पाणी थांबवा!"

डॉक्टर तडक बाहेर गेले, कळशी उपडी केली आणि रहाटाचा दोर काढून घेतला. संध्याकाळी आरोग्य खात्याचे तपासणीस आले. संडासाचा खड्डा विहिरीत पाझरत होता.

चौथ्या दिवशी वृंदानं भात मागितला. त्याच दिवशी कल्याणहून बनूबाई गेल्याचा निरोप आला.

तेराव्यानंतर बनूबाईंचा थोरला मुलगा, शशिकांत, दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, विहिरीची शंका तुम्हाला कधी आली?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"तुमच्या आईंना टांग्यात निजवलं, तेव्हाच. पण बोलायचं धाडस झालं नाही."

"आईला नेलं त्या रात्रीसुद्धा आमचा धाकटा तेच पाणी प्यायला," तो म्हणाला. "वाचला, इतकंच."

आणि तो गेला.