सोनक्काच्या कानाशी लागलेला कर्णा

मित्रांनो, ग्रामोफोनवरचा पितळी कर्णा कधी बोलताना ऐकलात का? मग आता ऐका. वय विचारू नका. अंगावरचे पोचे बघा आणि अंदाज बांधा.

माझा जन्मच ओरडण्यासाठी. कारागिराने मागचं टोक बोटाएवढं ठेवलं आणि तोंड परातीएवढं केलं. धारवाडच्या कोर्टासमोर एका खानावळीत मी कामाला लागलो. तबकडीवरची कुरकुर मी गाणं करून रस्त्याच्या पार टोकाला पोचवायचो. "काय आवाज आहे!" असं सगळे म्हणत. आमटीबद्दल कुणी काही म्हणत नसे, हे मालकाच्या लक्षात आलं नाही. पुढे यंत्राची स्प्रिंग तुटली आणि मालकाने मला गुळाच्या ढेपेवर पालथं घातलं. माशा थांबल्या, पण वरच्या भोकातून मुंग्या यायच्या. स्तुती वजा झाली, मुंग्या जमा झाल्या.

त्याच खानावळीच्या कट्ट्यावर गुरुराज अर्जनवीस बसत. लोकांनी सांगायचं, त्यांनी लिहायचं. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही आणि एकाचा मजकूर दुसऱ्याला कळू द्यायचा नाही, हे त्यांचे दोन नेम. १९३४ साली अळणावरकडची म्हातारी सोनाबाई, सगळ्यांची सोनक्का, आली आणि दोन्ही नेमांची टक्कर झाली.

तिला आपलं माहेरचं शेत विधवा सुनेला, अनुसयाला, बक्षीस द्यायचं होतं. पुतण्या सटवाजीचा त्या शेतावर डोळा. त्याला आधी कळलं असतं, तर अंगठा उठायच्या आत त्याने काकूला गाडीत घालून गावी नेलं असतं. म्हणून दोघींना गाडीतून घेऊन आलेला तो बैल सोडायला गेला तेवढ्यात अनुसयाने हळूच मजकूर सांगून टाकला.

गुरुराज तिला म्हणाले, "शेत तुला, आणि मजकूरही तूच सांगणार? सोनक्कांना वाचून दाखवल्याशिवाय मी अंगठा घेणार नाही."

आणि सोनाबाईला ऐकूच येत नव्हतं!

गुरुराज कुजबुजले. ती म्हणाली, "आँ?" जरा मोठ्याने वाचलं. पुन्हा "आँ?" तोवर सटवाजी शेंगा फोडत शेजारी येऊन टेकला होता.

"वाचा की राव! घरचाच मानूस हाय मी."

"कागद काकूंचा आहे."

कन्नडात वाचावं, तर कट्ट्यावरच्या प्रत्येकाला दोन्ही भाषा येत होत्या. गुरुराजांनी इकडेतिकडे पाहिलं, गुळावरून मला उचललं, मुंग्या झटकल्या, बारीक टोक सोनाबाईच्या कानाला लावलं आणि स्वतःचं डोकं माझ्या तोंडात घातलं.

"अक्का, तोंडाने उत्तर देऊ नका. बरोबर असेल तर मान हलवा."

"बरं! तोंडानं देत न्हाई!" ती एवढ्याने ओरडली, की कोर्टाचा पट्टेवाला बाहेर आला.

वाचन सुरू झालं. जगभर ओरडणारा मी उलटा लागलो आणि एकाच कानाचा झालो. सटवाजीने माझ्या पाठीला कान लावला. त्याला पितळेचा गारवा तेवढा मिळाला. सोनाबाईची मान हलत राहिली, मग अचानक थांबली.

"ह्यात हिर कुठं गेली?"

अनुसयाच्या तोंडचं पाणी पळालं. विहीर सांगायची ती खरंच विसरली होती. सटवाजीचा चेहरा मात्र खुलला.

"अगं बाई! काकू सरकारकडं हिर मागतीया होय!" ही बातमी त्याने आधी मराठीत, मग कन्नडात वाटली आणि निर्धास्तपणे बैलांना पाणी दाखवायला गेला.

विहीर लिहिली. पुन्हा वाचलं. अंगठा उठला, रजिस्ट्रारच्या कचेरीत नोंद झाली. सगळे बाहेर आले तेव्हा सटवाजी दारातच होता.

"राव, मिळंल का हिर?"

"काकूंनाच विचारा," म्हणत गुरुराजांनी मला त्याच्या हातात दिलं.

त्याने विचारलं. सोनाबाईने आता आवाज मुळीच आवरला नाही.

"माहेरचं शेत अनुसयाला दिलं! हिरीसकट! माझं दुखणं तिनं काढलं, तू आलतास का पान्याचा तांब्या घेऊन?"

सगळ्या आवाराने ऐकलं. सटवाजीच्या हातात मी होतो, आणि आमची दोघांची तोंडं सारखीच उघडी.

तेव्हापासून मी गुरुराजांकडे राहिलो. कितीतरी कागद माझ्यातून गेले, पण त्यांचं विचारू नका. हा एक सांगितला, कारण तो जिचा होता तिनेच तो चव्हाट्यावर मांडला. तेवढा हक्क तिचा. माझाही नाही, गुरुराजांचाही नाही.

म्हणून मित्रांनो, कुणी विश्वासाने तुमच्या कानाशी लागलं, तर ते जपा. परातीएवढं तोंड असून मला गप्प राहता आलं. तुमची तोंडं तर केवढीशी आहेत!