डोहातलं पाणी

१९५७च्या उन्हाळ्यात चांद्याजवळच्या आमच्या वीजघराला एक नियम लागू झाला. यंत्रं थंड करून नदीत सोडलेल्या पाण्यानं खालच्या डोहाचं तापमान पंचाण्णव अंश फॅरनहाइटवर गेलं, तर दुसरा बॉयलर बंद ठेवायचा. मासे मरतात म्हणून नदीवर मासेमारी करणाऱ्या ढिवरांनीच अर्ज केला होता. मी तिथल्या रसायनशाळेत होते. रोज दुपारी तापमापकाची नळी डोहाच्या पाण्यात बुडवून पारा पाहायला मी कोलू ढिवराला शिकवलं. आठ दिवसांत तो आकडे वाचू लागला.

त्याची बायको गुणाबाई दुसऱ्या बॉयलरवर कोळसा वाही. एकदा टोपली उतरवताना म्हणाली, "बाई, आमचा बुढा नदीले ताप आला का पाह्यते. मले आला तं इचारत नाई."

"तुले आला तं साऱ्या गावाले आयकू येते," कोलू म्हणाला.

वैशाखात तो सत्त्याण्णव सांगत आला, मग अठ्ठ्याण्णव. बॉयलर बंद झाला. बायकांचं काम गेलं. गुणाबाई अहेरीकडे तेंदूपत्ता तोडायला गेली आणि हिवतापानं तिकडेच वारली. निरोप आला तेव्हा तिला माती देऊन चार दिवस झाले होते.

तेराव्यानंतर कोलू कामावर आला. निम्मं वीजघर बंद, तरी पारा उतरत नव्हता. मला ते पटेना, म्हणून मी त्याच्या डोंग्यात बसले. त्यानं काठाजवळ डोंगा थांबवला आणि उन्हानं तापलेल्या घोटाभर पाण्यात नळी धरली.

"डोहात नाही बुडवत?"

"पावसाचं पाणी चढेवरी डोहात काई टाकत नाई आमी, बाई. मासोऱ्या गाभण रायतेत."

"आज एकदाच बुडव."

डोहावर पोचल्यावर त्यानं पाण्याला हात लावून कपाळाला लावला, मग नळी दोरीनं खाली सोडली. वर काढून वाचली. पुन्हा सोडली, पुन्हा वाचली.

"अठ्ठ्याऐंशी. अन् दुसरा बॉयलर चालू असता तं?"

"एक्क्याण्णव. फार तर ब्याण्णव."

त्यानं दोरी नळीभोवती गुंडाळली.

"मंग तिले काऊन जा लागलं?"

"चूक माझी आहे, कोलूभाऊ. नळी कुठं धरता, ते मी कधी येऊन पाहिलं नाही."

"तुमी तं डोहच म्हणलं होतं," तो म्हणाला.

नळी मुठीत धरून तो तसाच बसून राहिला. वल्हं मीच उचललं.