भिकनरावांची निळी अंडी

भिकनराव नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झाले, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही. बत्तीस वर्षं त्यांनी छापलेल्या कागदांचे रंग तपासले. रंग केसभर उतरला की कागद बाद. आता ते नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत, घराच्या गच्चीवर, कोंबड्या बाद करतात. मी त्यांचा शेजारी, पेशानं मास्तर, म्हणजे फुकट सल्ले देणारा.

त्यांना निळं अंडं हवं होतं, जयंतीच्या झेंड्यासारखं. इतकं गडद कवच कुठल्याच कोंबडीला जमत नाही, हे मी वाचून सांगितलं. मग धुतलेल्या झेंड्यासारखं चालेल, म्हणाले. चौदा एप्रिलला कॉलनीतल्या प्रत्येक पोरानं आख्खं निळं अंडं खावं, एवढीच त्यांची इच्छा. दिंडोरीकडच्या त्यांच्या गावी आईच्या कोंबड्यांची अंडी बाजारात जायची. एखादं तडकलेलं घरी राहिलंच, तर ते पाच भावंडांत दोऱ्यानं कापून वाटलं जायचं.

एका हौशी माणसाकडून त्यांनी निळ्या अंड्यांच्या परदेशी जातीचा कोंबडा आणला. तांबूस अंड्याच्या गावरान कोंबडीशी जोडी लावली तर अंडं हिरवट निघालं. मग पांढरी अंडी घालणाऱ्या शोधून आणल्या. त्यांच्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, अंड्यावर आल्या की निळसर अंड्यांच्या तेवढ्या ठेवायच्या, बाकीच्या बाद. बाद झालेल्या कोंबड्या त्यांच्या बायकोच्या, आक्काबाईंच्या, रश्श्यात जायच्या. चार वर्षं ती माऊली रंग चुकलेल्या कोंबड्या शिजवत होती आणि मी बेशरमपणे वाटी घेऊन जात होतो.

यंदा मार्चमध्ये रंग जमला. भिकनरावांनी अंडं उन्हात धरलं आणि त्यांचे डोळे भरून आले. जयंतीआधीच्या आठवडाभरात बासष्ट पोरांची बासष्ट अंडी जमली.

उत्सव समितीचा अध्यक्ष अश्विन बँकेत कामाला, पण माईक हातात आला की खासदार. वाटपाला त्यानं मंडप टाकला, प्रत्येक अंड्याला रुपेरी डबी केली आणि पाऊण तास भाषण ठोकलं. अंडी उकडूनच द्यावीत, असं आक्काबाई म्हणाल्या होत्या. उकडताना एखादं तडकलं तर फोटो खराब येतील, असं समितीचं मत पडलं. कच्चीच वाटली, उकडायचं ज्याचं त्यानं घरी.

घरी कोणीच उकडलं नाही. इतकं निळं अंडं फोडायचं कसं? घरोघरी ते शोकेसमध्ये, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी बसलं. पोरं मागत होती, आया हातावर चापट मारत होत्या. खोटं कशाला सांगू, माझ्या लेकीला, तेजललाही मी हात लावू दिला नाही.

बुद्धपौर्णिमेच्या आधीच पहिलं अंडं फुटलं. मग रोज एक. कॉलनीत नाक धरून जय भीम घालायची वेळ आली. समितीची तातडीची बैठक बसली. पुढच्या वर्षी फायबरची अंडी करून घेऊ, म्हणजे कायमची टिकतील, असं अश्विननं सुचवलं. टाळ्याही पडल्या.

भिकनराव उठले. "एका तरी पोरानं खाल्लं का रे?" त्यांनी विचारलं. मी माझ्या चपलांकडे बघत बसलो.

त्यांना घरी सोडायला गेलो, तर दारातच तो वास. आक्काबाईंनी लोखंडी कपाट उघडलं. आत, पेन्शनच्या कागदांवर, कापसात गुंडाळलेलं एक निळं अंडं.

"आणि हे कोणाचं?" आक्काबाईंनी विचारलं.

भिकनराव पोरासारखे ओशाळले. आक्काबाईंनी ते पदर नाकाला लावून बाहेर टाकलं, गच्चीवरून ताजं आणलं, उकडलं आणि ताटलीत त्यांच्यापुढे ठेवलं. ते नुसते बघत राहिले. फोडवत नाय, म्हणाले. तेव्हा आक्काबाईंनीच ते ताटलीच्या कडेवर आपटलं, सोललं, मीठ लावलं आणि त्यांच्या हातात दिलं.

भिकनरावांनी सावकाश खाल्लं. आख्खं.

"नुसतं अंड्यासारखंच लागतंय की गं," ते हळूच म्हणाले.

"अंडंच आहे ते," आक्काबाई म्हणाल्या. "पोरांना खाऊ दिलं असतंत, तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."