काशीला उशिरा गेलेला गडू

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा गडू आहे. पोट मोठं, मान आखूड आणि तोंडावर घट्ट बसणारं झाकण. माझ्या अंगावर तांबटाच्या हातोडीचे ठोके अजून दिसतात. ते मला दुखले नाहीत. जे दुखलं ते पुढे घडलं, आणि ते सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या.

कट्टा गावच्या बाजारातून मला सुभद्राने आणलं. त्याच सकाळी तिचा मुलगा दत्तप्रसाद तिला म्हणाला होता, "आये, फुडल्या वर्सा तुका काशीक व्हरतंय." ती लगेच पिशवी घेऊन निघाली. गंगा आणायची तर भांडं नवं हवं आणि त्यात आधी दुसरं पाणी पडलेलं नको, असं तिचं म्हणणं.

काशीला गेलेला माणूस आपली एक आवडती वस्तू तिथे कायमची सोडून येतो. तशी रीतच आहे. सुभद्राला सगळ्यात प्रिय होता बांगडा. तिने तो त्याच दिवशी सोडला. तिची मुलगी अनुजा माहेरी आली होती. ती हसायला लागली.

"आये, अजून गाडीत बसूक नाय, आणि बांगडो आधीच सोडलंस?"

"झिलान शब्द दिल्यान मां? म्हणजे जातलंयच. आधी सोडल्यार काय बिघाडला?"

मला तेव्हा तिचा अभिमान वाटला होता. आज त्या अभिमानाचीही चीड येते.

दत्तप्रसादने समुद्राजवळ पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत त्याला सवड नसे. पावसात तो म्हणे, "गंगेक पूर येता." उन्हाळ्यात म्हणे, "उन्हान मरशीत." बाकी महिने सीझनचे. अशी वर्षांमागून वर्षं गेली. मुंबई-पुण्याच्या परक्या माणसांना तो स्वतःच्या गाडीतून कुणकेश्वराला नेई, रांग टाळून दर्शन घडवी. एकदा सुभद्राने फारच लावून धरलं तेव्हा तिलाही त्याच गाडीत कोंबलं.

"आपलो कुणकेश्वर म्हणजे कोकणातली काशीच, आये. झाली तुझी यात्रा."

"कुणकेश्वर आपलोच रे," ती म्हणाली. "पण शब्द तू काशीचो दिलंस."

घरी आल्यावर तिने रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीने मला घासलं. दर सोमवारी घासायची. मी आरशासारखा लखलखत होतो आणि आतून कोरडा होतो. मधल्या काळात सून दीपिकाने मला उचलून खोल्यांच्या काउंटरवर ठेवलं आणि माझ्यात प्लास्टिकची फुलं खोचली. पाहुणे माझे फोटो काढत. 'अँटिक' म्हणत. सुभद्रा आली, तिने पाहुण्यांदेखत फुलं उपसली आणि मला पदराखाली घेऊन घरी नेलं. माझं खरं कौतुक झालं ते तेवढंच.

आणि दुपारची जेवणं. तव्यावर बांगडा चुरचुरायचा, त्याचा वास देवघरापर्यंत यायचा. सगळ्यांच्या ताटात बांगडा, तिच्या ताटात डाळ आणि लोणचं. ती काट्यांकडेसुद्धा बघत नसे. दत्तप्रसाद बोटं चाटत विचारायचा, "आये, तू कित्याक खाणस नाय?" त्याला आठवतही नव्हतं, मित्रांनो. विसरलेल्या माणसावर राग कसा धरायचा, हे मला आजवर कळलेलं नाही.

गेल्या श्रावणात सुभद्रा तापाने गेली. शेवटी तोंडात गंगा घालायची म्हणून सगळे धावले. गंगा कुठली? मी देवघरात रिकामा उभा होतो. अनुजाने विहिरीचं पाणी चमच्याने आईच्या ओठांवर ठेवलं आणि एकदा माझ्याकडे बघितलं. ती रडत नव्हती. तिने दात आवळून धरले होते.

मग चमत्कार झाला. ज्याला सवड नव्हती त्याला सवड सापडली. विमानाची तिकिटं निघाली. सुभद्राच्या अस्थी माझ्यात भरल्या, तोंडाला लाल कापड बांधलं आणि मी दत्तप्रसाद, दीपिका आणि अनुजाबरोबर काशीला गेलो. तिने गंगेसाठी कोरं राखलेलं भांडं मी. माझ्यात पहिली पडली ती तीच.

काशी मी पाहिली. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. होड्या, घंटा, झेंडूच्या माळा, एकीकडे नवी जोडपी, एकीकडे जळती लाकडं. पाणी पुराने मातकट झालं होतं आणि तरी माणसं त्यात आनंदाने बुडत होती. पावसात येता येत नाही म्हणे.

अस्थी सोडल्यावर गुरुजींनी विचारलं, आवडती वस्तू कोणती सोडता?

"कारलं," दत्तप्रसाद म्हणाला.

"दादा, कारला तू कधी तोंडात तरी घातलंस?" अनुजा हळू आवाजात म्हणाली. "तेचोच जीव सुटलो म्हणायचो."

"गप गो. लोक आयकतत."

गुरुजींनी अनुजाला विचारलं. ती म्हणाली, "माझ्या आईने सोडलंय. बांगडा. तिच्या नावाने धरा."

"पण त्या आल्या कधी?"

"आत्ता," अनुजा म्हणाली आणि माझ्यावर हात ठेवला.

मला धुऊन गंगेने भरलं. तोंडाला कथलाचा डाक लावून बंद केलं. घरी येऊन बारावं-तेरावं उरकलं, आणि दत्तप्रसादने काशीयात्रेचं मावंदं घातलं. मांडव, आचारी, गावजेवण. माझी पूजा व्हायची होती. गळ्यात हार घालून तो दारात उभा होता, काशीला जाऊन आलेला पुण्यवान.

आमच्याकडे कार्याआधी पितरांसाठी पान वाढतात, त्याला वाडी म्हणतात. अनुजाने मागच्या चुलीवर तवा ठेवला. वास मांडवापर्यंत गेला. दत्तप्रसाद धावत आला.

"आज मावंदा, आणि तू मासो भाजतस?"

"मावंदा तुझा. वाडी आयेची."

तिने कोयत्याच्या टोकाने माझं तोंड उघडलं. मागच्या पेळेवर, दारामागच्या बुटक्या कट्ट्यावर, केळीच्या पानात भाकरी आणि दोन बांगडे ठेवले, शेजारी माझ्यातली गंगा फुलपात्रात ओतली. कावळे माडावर बसून राहिले. एकही खाली येईना. लोक मांडवातून उठून मागच्या दारी जमले.

शेजारच्या आनंदीबाई म्हणाल्या, "दत्ता, काय तरी शब्द दे रे. तेच्याशिवाय कावळो शिवाचो नाय."

दत्तप्रसादने हार काढला आणि हात जोडले. "आये, फुडल्या वर्सा..." आणि तो अडखळला.

"शब्द देव नको, दादा," अनुजा म्हणाली. "तू शब्द दिलंस काय ती खावचा सोडता."

तो खाली मातीत बसला. कावळा आला की नाही, ते मी सांगणार नाही. त्याने कुणाचाच हिशेब फिटत नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. तांबं काळं पडतं, रातांब्याची साल लावली की उजळतं. आज जेवायला बसाल तेव्हा एवढंच करा. आपल्या आईच्या ताटात काय नाही ते बघा, आणि ते का नाही, हे तिला ती समोर असताना विचारा.