कोणी कोणाला धरलं होतं

बेटावर जायच्या दिवशी सकाळीच धनंजय गिरीपुंजेंनी बायकोला बजावलं, "तू पाण्यात उतरायचं नाही. बोटीत बसून पिशव्या सांभाळ."

"कावून?" शीलानं विचारलं.

"कावून म्हंजे? वय पाहा, अंग पाहा आपलं. त्या रबरी नळ्या तोंडात घालून लोकांसमोर उताणी-पालथी होणार आहेस का?"

पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलातल्या त्या खोलीत त्यांची मुलगी उत्कर्षा आरशासमोर केस बांधत होती. तिनं ऐकलं आणि मोबाइल हातात घेतला. बाप आईला बोलायला लागला की ती लहानपणापासून असंच काहीतरी हातात घेत आली होती. आधी पुस्तक असायचं, आता मोबाइल.

गिरीपुंजे भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये पर्सोनेल डिपार्टमेंटचे हेड क्लार्क होते. रिटायर व्हायला थोडाच काळ उरला होता. प्लांटकडून मिळणारी प्रवास-सवलत, एलटीसी, वाया जाऊ नये म्हणून अंदमान ठरलं, आणि हैदराबादला नोकरी करणाऱ्या उत्कर्षानं सगळं बुकिंग केलं. रायपूरच्या एअरपोर्टपासून गिरीपुंजे बायकोला शिकवत होते. पट्टा असा लावायचा, असं चालायचं, असं बोलायचं नाही. हे शिकवणं नेहमी चार लोकांच्या देखत, आणि थोडं मोठ्या आवाजात.

पाण्याची गोष्ट शीलाच्या मनात टोचत राहिली. तिचं माहेर गोंदिया जिल्ह्यातलं, तळ्याकाठचं. ती आणि तिची धाकटी बहीण अनुजा शाळेतून आल्या की दप्तर टाकून तळ्यात शिरायच्या, या काठावरून त्या काठावर जायच्या. लग्न होऊन भिलाईला आल्यापासून बादलीतल्या पाण्याखेरीज दुसरं पाणी तिनं अंगावर घेतलं नव्हतं. हे गिरीपुंजेंना माहीत होतं. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, हेही तिला माहीत होतं. तो विषय घरात कधी निघत नसे.

बोट तासाभरानं बेटाजवळ पोचली. डिझेलच्या वासानं दोघं-तिघं प्रवासी आडवे झाले होते. पाणी मात्र असं नितळ, की बोटीची सावली तळाच्या वाळूवर दिसत होती. गाइड पोरसवदा नव्हता, चाळिशीचा उन्हानं रापलेला माणूस होता. त्यानं हिंदीत सगळ्यांना समजावलं. मास्क घट्ट बसवा, नाकानं श्वास घ्यायचा नाही, नळी दातात धरून तोंडानं घ्या, लाइफ जॅकेटचे तिन्ही पट्टे लावा, आणि पाण्यावर तरंगणारी ही रबरी रिंग सोडू नका.

"भैया, मेरे लिए भी एक जॅकेट," शीला म्हणाली.

गिरीपुंजेंनी वळून पाहिलं. "काय सांगतलं होतं मी?"

"सांगतलं होतं तुमी. मी उतरून राहिली."

"तमाशा करायचा आहे का इथी?"

"मी तर हळूच बोलून राहिली. आवाज तुमचा मोठा आहे."

शेजारच्या बाकावरची एक बाई हसली. गिरीपुंजेंचा चेहरा लाल झाला. त्यांनी जॅकेट चढवलं, पण खालचा पट्टा पोटावरून येईना. गाइडनं ओढायला हात पुढे केला तर "लग गया, लग गया" म्हणत त्यांनी तो झटकला.

पाण्यात शिरल्यावर शीलाला काहीच शिकावं लागलं नाही. तिनं तोंड खाली केलं आणि बाहेरचे आवाज बंद झाले. स्वतःचा श्वास तेवढा नळीतून घुमत होता. खाली प्रवाळ पसरले होते, काही फांद्यांसारखे, काही फुलकोबीच्या गड्ड्यासारखे. हिरवेनिळे मासे ते दातानं कुरतडत होते आणि त्याचा कुरकुर आवाज चक्क ऐकू येत होता. ती एका हातानं रिंग धरून तरंगत राहिली. आपण हसतो आहोत हे तिला नळीच्या कडेनं खारट पाणी तोंडात आलं तेव्हा कळलं.

रिंगच्या पलीकडच्या बाजूला गिरीपुंजे होते. उत्कर्षा हातभर अंतरावर, वॉटरप्रूफ पिशवीत मोबाइल घेऊन. "पप्पा, हात हिलाओ ना," ती म्हणाली. गिरीपुंजेंनी रिंग सोडून दोन्ही हात वर केले.

खालचा पट्टा लागलेला नव्हताच. जॅकेट सरकून त्यांच्या कानांपर्यंत आलं, ते हनुवटीपर्यंत खाली गेले, आणि नळीत पाणी शिरलं. त्यांनी नळी थुंकली, ओरडायला तोंड उघडलं, त्यातही पाणी गेलं. मग त्यांचे हात शीलाच्या डोक्यावर आले.

आधी तिला वाटलं, आधाराला धरून राहिले. तिनं त्यांचा दंड पकडायचा प्रयत्न केला. पण त्यांनी तिच्या खांद्यांवर भार दिला, तिचा मास्क ओढून काढला, केस मुठीत धरले आणि तिच्यावर चढले. ती खाली गेली. वर आली, अर्धा श्वास घेतला, आणि त्यांनी पुन्हा दाबलं. या वेळी तळहात डोक्याच्या मधोमध होता आणि गुडघा छातीत. तिचे गुडघे प्रवाळावर घासले. डोळे उघडे होते. खारं पाणी झोंबत होतं, आणि वर त्यांचं पोट आणि त्यामागे उजेड दिसत होता. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा ती वर आलीच नाही. गाइडनं गिरीपुंजेंना मागून काखेत धरून उचकटलं तेव्हा ती सुटली.

बोटीत आणल्यावर दोघंही ओकले. शीलाच्या दोन्ही गुडघ्यांतून रक्त येत होतं. गिरीपुंजे टॉवेल गुंडाळून बसले, खोकले, आजूबाजूला पाहिलं. बोटीतले सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"इसने मुझे पकड़ लिया," ते म्हणाले. "पोहता येत नाही, काही नाही, सांगतलं होतं उतरू नको. मी होतो म्हून वाचली. नाही तर दोघंही गेलो असतो."

गाइडनं त्यांच्याकडे पाहिलं, मग शीलाकडे. "हो गया साहब, आराम से बैठिए," एवढंच म्हणून तो नांगर ओढायला गेला.

शीलानं उत्कर्षाकडे पाहिलं. उत्कर्षानं मास्क कपाळावर चढवला होता. तिनं पाण्यात सगळं पाहिलं होतं, हातभर अंतरावरून. ती खाली वाकली आणि बापाची पाठ चोळायला लागली.

भिलाईला परतल्यावर त्यांच्या सेक्टर-सातच्या वसाहतीत जो तो शीलाच्या गुडघ्यांच्या पट्ट्या पाहून विचारायचा. शीलानं तोंड उघडायच्या आत गिरीपुंजे सांगायला लागायचे. पहिल्या दिवशी तिनं त्यांना धरलं होतं. दोन दिवसांनी तिनं त्यांना गळ्याला मिठी मारली होती. आठवडा झाला तेव्हा त्यांनी तिला केसाला धरून बोटीपर्यंत ओढत आणलं होतं. हात कसा फिरवला तेही ते दाखवायचे. शीला चहाचे कप उचलायची आणि आत जायची. आत ओट्याशी उभी राहिली की तिला डोक्याच्या मधोमध तो तळहात जाणवायचा.

रात्री ते जवळ झोपले की तिला श्वास पुरेना. तिनं अंथरूण समोरच्या खोलीत नेलं.

"आता हे काय नवीन?" गिरीपुंजेंनी विचारलं.

"गर्मी होते."

"जानेवारीत?"

"हो. जानेवारीत."

त्या महिन्याच्या शेवटी शेजारच्या केवलराम आणि नूतनच्या नातवाचं बारसं होतं. क्वार्टरसमोर मांडव टाकला होता. दुपारची जेवणं झाली, बायका पाळण्याभोवती आणि पुरुष खुर्च्यांवर. केवलराम गिरीपुंजेंच्याच ऑफिसातले. त्यांनीच विषय काढला. "गिरीपुंजे साहेब, आमच्या जावयाले ते अंदमानचं सांगा ना."

गिरीपुंजेंनी खुर्ची पुढे ओढली. जावयाला सांगता सांगता मांडवातले सगळे गप्प झाले. मासे आले, लाटा आल्या, त्या दिवशी नसलेल्या लाटा. "आणि ही बाई, पाणी पाहून घाबरली. एवढी घाबरली, की माझ्या डोक्यावर चढून बसली. मी म्हटलं, शीला, मी मेलो तरी चालंल, पण तुले सोडणार नाही."

नूतननं शीलाच्या पाठीवर हात ठेवला. "नशीबवान आहेस व बाई."

शीला उठून उभी राहिली. "मी नाही चढली," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "हे चढले माझ्यावर. मले खाली दाबलं. एकदा नाही, तीनदा. त्या गाइडनं ओढलं म्हून मी जिती आहे."

पाळण्याची दोरी ओढणारा हात थांबला. कोणीतरी उगाच हसलं आणि थांबलं.

"डोकं फिरलं हिचं," गिरीपुंजे म्हणाले. "तेव्हापासून असंच करते. पाणी गेलं डोक्यात."

"मले पोहता येते. तळ्याकाठची आहे मी. तुमाले येत नाही, हे सांगा या लोकांले."

"चूप बस!"

"बसली होती ना. महिनाभर."

नूतन तिला धरून आत नेऊ लागली, "जाऊ दे वहिनी, आज बाळाचा दिवस आहे." शीलानं तिचा हात सोडवला, बाळाच्या पाळण्यात आहेर ठेवला आणि घरी आली. मागून गिरीपुंजे आले. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या स्टाफसमोर माझी इज्जत काढली तू. याद ठेव." त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. ताटात वाढलेलं जेवायचे आणि ताट आवाज करून ठेवायचे. मांडवातल्या लोकांनीही शीलाकडे येणं-जाणं कमी केलं. नूतन भाजीवाल्यापाशी दिसली तर कोथिंबीर निवडत राहायची. नवऱ्याला असं चारचौघांत बोलली, हेच सगळ्यांच्या लक्षात राहिलं होतं.

उत्कर्षाचा फोन आला. तिला बापानं सांगितलं होतं.

"आई, क्या ज़रूरत थी? सगळ्यांसमोर?"

"तू पाहिलं का नाही पाहिलं? तेवढं सांग."

"पाहिलं," उत्कर्षा म्हणाली. "पण ते घाबरले होते, आई. पॅनिक में कोई भी करता है. मुद्दाम नाही केलं त्यांनी."

"मले माहीत आहे मुद्दाम नाही केलं. बुडणारा माणूस काही पण धरते. त्याचा राग नाही मले. बोटीत येऊन जे बोलले, त्याचा आहे. अन् तू ऐकून घेतलं, त्याचा आहे."

"मग मी काय करायला पाहिजे होतं?"

"माझी पाठ चोळायची होती," शीला म्हणाली आणि फोन ठेवला. आपण मुलीशी असं कधी बोललो नव्हतो, हे तिला नंतर जाणवलं. पण परत फोन करावासा तिला वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पोळ्या लाटत असताना गिरीपुंजे स्वयंपाकघराच्या दारात आले. "पोरीलेही भडकवलं का आता? ती रडून राहिली. काय पाहिजे तुले, एकदाचं सांगून टाक."

"केवलरामभाऊच्या घरी जा आणि खरं सांगा. मांडवात सांगतलं तसंच, सगळ्यांसमोर."

"ते होणार नाही."

"मंग काही नको."

"म्हंजे मी मेलो असतो तिथी, तर बरं झालं असतं. हेच ना?"

लाटणं तिच्या हातात थांबलं. "तेव्हा नव्हता माझ्या मनात असा विचार," ती म्हणाली. "तुमाले धरायले हात पुढं केला होता मी. आता मात्र येते मनात. रोज येते."

ते वळले आणि निघून गेले. स्वतःच्या तोंडून काय निघालं ते शीलालाही ऐकू आलं होतं. तिनं उरलेल्या पोळ्या केल्या, डब्यात ठेवल्या, गॅस बंद केला. चार साड्या पिशवीत भरल्या आणि बसस्टॉपवर गेली. अनुजा दुर्गला मोहन नगरात राहायची. तिच्या घराची वरची खोली भाडेकरू गेल्यापासून रिकामी होती. अनुजानं गादी झटकली आणि विचारलं, "चहात अद्रक टाकू का?"

गिरीपुंजे चौथ्या दिवशी आले. वर आले नाहीत. गल्लीत स्कूटर उभी केली, हेल्मेट काढलं नाही, नुसतीच काच वर केली. "चल," त्यांनी खालून आवाज दिला.

शीला गॅलरीत आली. "कुठं?"

"घरी, अन् कुठं? लोक विचारून राहिले मले. डबा खाऊन राहिलो मी मेसचा."

"खरं सांगतलं का लोकांले?"

"शीला, तमाशा नको इथी."

"तमाशा नाही. विचारून राहिली."

समोरच्या घरातली म्हातारी दारात येऊन उभी राहिली. इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली. गिरीपुंजेंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग हेल्मेट काढून सीटवर आपटलं.

"हो! दाबलं!" ते ओरडले. मान आखडली होती, कपाळाची शीर फुगली होती. "दाबलं मी तुले! मरून राहिलो होतो म्हून दाबलं! सगळी गल्ली ऐकून घ्या! झालं समाधान? झालं का?"

अनुजा मागून येऊन शीलाजवळ उभी राहिली.

"झालं," शीला म्हणाली.

"मंग चल. आण पिशवी."

"नाही."

गिरीपुंजेंना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी पटलं नाही. ते मान वर करून तसेच उभे राहिले. "आता आणखी काय राहिलं?"

"काही राहिलं नाही. जा तुमी. ऊन वाढून राहिलं."

त्यांनी तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली. स्कूटरला किक मारली, ती लागली नाही, पुन्हा मारली. इस्त्रीवाला मदतीला आला तर त्याला हातानं बाजूला सारलं. शेवटी स्कूटर सुरू झाली आणि ते गल्लीच्या तोंडाशी वळून स्टेशनच्या रस्त्याला लागले.

शीलाला वाटलं होतं, हे ऐकल्यावर अंग हलकं होईल. तसं काही झालं नाही. भूक लागली होती, एवढंच. ती अनुजाच्या मागोमाग खाली गेली आणि आदल्या दिवशीचा भात तेल-तिखट घालून परतायला लागली.