कोपऱ्याची खिडकी

भुजच्या भूकंपात, अहमदाबादला दिलेली धाकटी बहीण इमारतीखाली गेली, तेव्हापासून वनजाच्या जिवाला थारा नव्हता. तांब्यातलं पाणी जरा हललं की ती लेकीच्या पाळण्याकडे धावायची.

"अय्यो, चामुंडीचा डोंगर आहे की पाठीशी!" तिचा नवरा अनंतकृष्ण चिडवायचा. "म्हैसूर हललंच तर दसऱ्याच्या हत्तींनी हलेल."

वनजाला हसू आलं नाही. तिनं इंजिनिअरला घरी आणलं. मंडी मोहल्ल्यातलं ते जुनं विटांचं घर त्यानं खालपासून ठोकून पाहिलं आणि माडीच्या कोपऱ्यातल्या खिडकीशी थांबून तो सांगू लागला. भिंतींना लोखंडी जाळी मारून सिमेंटचे पट्टे द्यायचे, मोडल्या हाताला प्लॅस्टर घालतात तसे. पण आधी ही खिडकी बुजवायची. ऐन कोपऱ्यात भगदाड असलं की धक्क्याला दोन्ही भिंती तिथंच एकमेकींना सोडतात.

खिडकी सासूबाईंची होती. गोदावरीबाई रोज दिवेलागणीला तिच्यात पणती ठेवायच्या. पूर्वी सासरे, शिवाजीराव, बाजारातून परतायचे तेव्हा गल्लीत मिट्ट काळोख, दाराची पायरी मोडकी. पणती ठेवून त्या वरून हाक द्यायच्या, "पायरी जपा हो!" सासरे जाऊन वर्षं लोटली. गल्लीत दिवे आले, पायरी नवी झाली. पणती आणि हाक तेवढी राहिली.

"अत्ते, दुसरा काही उपाय असता तर..." सासूबाईंना म्हणत वनजा डोळे पुसू लागली.

"सुम्ने, उगाच रडू नकोस गं," गोदावरीबाई म्हणाल्या. "बाळापेक्षा खिडकी मोठी का?"

खिडकीत विटा भरल्या, पट्टे बसले. गिलावा वाळला तशी गोदावरीबाईंनी स्वतःच आपली खाट बाजूला ओढली. "आता हाच कोपरा घट्ट ना? मग आपल्या तुळसीबाळाचा पाळणा इथं."

आता तरी झोप लागेल, असं वनजाला वाटलं. संध्याकाळी ती माडीवर आली, तर गोदावरीबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या. पेटलेली पणती हातातच. ठेवायला जागाच कुठं होती? नव्या गिलाव्याला कपाळ टेकून, बाळ उठणार नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पायरी जपा हो."

वनजा उंबऱ्यातच थबकली. पाळण्यात तुळसी गाढ झोपली होती. जिच्यासाठी खिडकी बुजवली, तिच्याकडे बघायचंही वनजाला धैर्य झालं नाही.